कानापुढचा जबड्याचा सांधा दुखतो तेव्हा करावयाचे व्यायाम: अनुभव आणि चर्चा

निंबोणी (यवतमाळ जिल्हा)

नमस्कार. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे आणि घरी कोरडवाहू शेती आहे. गेल्या वर्षी कापसाची वेचणी ऐन भरात असताना माझ्या डाव्या कानाच्या पुढे दुखू लागले. सकाळी उठल्यावर जबडा आखडलेला असे, भाकरीचा पहिला घास मोडताना कानशिलापर्यंत कळ जाई आणि जांभई आली की आत ‘टक्’ असा आवाज येई. दुखणे कानाजवळ असल्यामुळे प्रथम कानाचेच औषध झाले. दोन आठवडे थेंब घातले, पण कानात काही दोष नव्हताच. नंतर एका दवाखान्यात दाढेवर संशय घेतला गेला आणि डावीकडची खालची एक दाढ काढली गेली. दाढ गेली तरी दुखणे होते तिथेच राहिले, उलट मी उजव्या बाजूनेच चावू लागल्यामुळे तीही बाजू ठणकू लागली. हे सविस्तर लिहिण्याचे कारण एवढेच की, कानापुढे दुखते म्हणून दाढ काढण्याचा सल्ला मिळाल्यास जबड्याचा सांधा तपासला आहे का, हे आपण आधी अवश्य विचारावे.

पुढे एका दंत महाविद्यालयात गेले असता तेथील डॉक्टरांनी दोन्ही कानांच्या पाळीपुढे माझीच बोटे ठेवायला लावली आणि तोंड हळूहळू उघडायला सांगितले. बोटांखाली काहीतरी गोल सरकताना मला प्रथमच जाणवले. खालच्या जबड्याच्या हाडाचे टोक कवटीच्या खोबणीत बसते, मध्ये कुर्चेसारखी एक पातळ चकती असते, आणि तोंड उघडताना हे टोक आधी जागच्या जागी फिरते व मग चकतीसह पुढे घसरते. चकती थोडी पुढे सरकलेली असली की हाडाचे टोक तिच्यावर चढताना तो ‘टक्’ होतो. माझ्या बाबतीत सांध्यापेक्षा गालाचे आणि कानशिलाचे स्नायूच अधिक दुखरे निघाले. गालाच्या मागच्या कोपऱ्यावर त्यांनी बोट दाबले तेव्हा डोळ्यांत पाणी आले.

स्नायू का दुखावले, याचे उत्तर मला घरी आल्यावर मिळाले. माणसाचे वरचे आणि खालचे दात दिवसभरात फार थोडा वेळ, तेही प्रामुख्याने जेवताना आणि गिळताना, एकमेकांना लागायला हवेत. मी उत्तरपत्रिका तपासताना दात आवळून बसत होते. पाण्याची गुंडी उचलताना दात आवळत होते, बोथीत भरलेला कापूस डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून चालताना तर नक्कीच आवळत होते. रात्री झोपेत दात खाते, हे यजमानांनी दोन-तीन वेळा सांगितले होते, पण मी ते मनावर घेतले नव्हते.

आता व्यायामांविषयी. पहिला व्यायाम हालचालीचा नाहीच, तो जबड्याच्या विसाव्याचा आहे आणि माझ्या मते निम्मे काम त्यानेच होते. ‘न’ हे अक्षर उच्चारा आणि जीभ जिथे टेकली तिथेच राहू द्या. ओठ हलकेच मिटलेले, दात एकमेकांपासून सुटे आणि श्वास नाकाने, अशी ही स्थिती आहे. ती दिवसभर टिकवायची असते, म्हणून आठवण राहण्यासाठी मी शाळेच्या घंटेचा आधार घेतला. प्रत्येक तासिकेची घंटा झाली की दात सुटे आहेत का, हे मी मनाशी पाहत असे. पहिल्या आठवड्यात जवळजवळ प्रत्येक घंटेला दात आवळलेलेच सापडत.

दुसरा व्यायाम आरशासमोरचा आहे. आरशावर दोन टिकल्या एकीखाली एक अशा चिकटवाव्यात आणि आपले नाक व हनुवटी त्या रेषेत येतील असे उभे राहावे. जीभ टाळूला तशीच टेकलेली ठेवून तोंड सावकाश उघडावे आणि जीभ सुटण्याच्या बेतात आली की थांबून तितक्याच सावकाश मिटावे. जीभ टाळूला असल्यामुळे तोंड फार उघडत नाही, आणि तसे ते उघडू नये हाच हेतू आहे, कारण त्या टप्प्यात हाड केवळ फिरते, पुढे घसरत नाही. माझी हनुवटी पहिल्या दिवशी खालच्या टिकलीच्या डावीकडे चांगली बोटभर सरकत होती. ती रेषेत राहील एवढेच उघडायचे, भले ते अर्धा इंच असो, असे मला सांगण्यात आले होते. एका वेळी सहा वेळा आणि दिवसातून सहा वेळा हे करावयाचे असते. सहा वेळा म्हणजे पुष्कळ वाटते, परंतु एका खेपेला एक मिनिटही लागत नाही.

तिसरा व्यायाम प्रतिकाराचा आहे. जीभ टाळूला आणि दात सुटे ठेवून हनुवटीखाली अंगठा लावावा, तोंड उघडण्याचा हलका प्रयत्न करावा आणि अंगठ्याने तो तितक्याच हलक्या हाताने अडवावा. जबडा प्रत्यक्षात हलता कामा नये. पाच-सहा सेकंद धरून सोडावे. असेच हनुवटीच्या उजव्या आणि डाव्या बाजूला दोन बोटे लावून करावे. जोर किती असावा, हे मला नीट समजायला वेळ लागला. पिकलेले टमाटर हातात धरले असता त्यावर ठसा उमटणार नाही इतकाच तो असावा.

चौथा मानेचा आहे आणि निंदण-वेचणी करणाऱ्या बायांनी तो सोडू नये, असे मला कळकळीने वाटते. दिवसभर वाकून मान पुढे गेली की खालचा जबडा मागे ओढला जातो आणि त्याचे स्नायू ताणलेलेच राहतात. भिंतीला पाठ टेकून उभे राहावे, नजर समोर ठेवावी आणि हनुवटी खाली न झुकवता सरळ मागे न्यावी, जेणेकरून मानेचा मागचा भाग लांब झाल्यासारखा वाटेल. खांदे खाली आणि मागे असावेत. हाही सहा वेळा करावा.

व्यायामाआधी मी कोमट पाण्यात पिळलेला पंचा पंधरा मिनिटे गालावर धरत असे आणि नंतर गालाच्या स्नायूवर बोटांनी लहान वर्तुळे काढत चोळत असे. त्या दीड महिन्यात फुटाणे, ऊस, कडक रोडगे आणि सुपारी पूर्ण बंद ठेवली. भाकर वरणात चुरून खाल्ली, खिचडी-कढीवर दिवस काढले. जांभई आली की जीभ टाळूला दाबून हनुवटीखाली मूठ धरायची, ही सवयही लावून घेतली. सहा आठवड्यांनी सकाळचे आखडणे गेले. आधी तोंडात माझी दोन बोटे उभी जात, आता तीन जातात. ‘टक्’ हा आवाज अजून अधूनमधून येतो, परंतु दुखत नाही.

तुरीचा_हंगाम (अमरावती जिल्हा)

ताई, आपण फार बारकाईने लिहिले आहे. माझ्या मुलीचे वय एकोणीस आहे. तिच्या जबड्यातून गेल्या वर्षभरापासून असाच आवाज येतो, पण तिला काहीही दुखत नाही आणि तोंडही पूर्ण उघडते. आवाज बंद व्हावा म्हणून तिची आजी तिला रोज तोंड मोठे उघडून जबडा दोन्हीकडे वळवायला लावते. हे योग्य आहे का?

निंबोणी

दादा, मला जे सांगितले गेले त्यानुसार दुखत नसेल आणि तोंड पूर्ण उघडत असेल तर नुसत्या आवाजाला उपचार लागत नाही. पुष्कळ निरोगी माणसांच्या जबड्यातूनही असा आवाज येतो. पण आवाज काढून दाखवण्याची किंवा तो जिरवण्यासाठी जबडा वळवण्याची सवय थांबवावी, कारण त्यामुळे चकतीवर उगाच ताण येतो. आजींना मान देऊनच, पण हे सांगावे. मात्र एखाद्या दिवशी आवाज अचानक बंद झाला आणि त्याच वेळी तोंड दोन बोटांपेक्षा कमी उघडू लागले, तर आवाज गेला म्हणून समाधान न मानता तिला लगेच दाखवावे.

धानाचा_बांध (भंडारा जिल्हा)

मी हा धागा माझ्या धाकट्या भावासाठी वाचत आहे. त्याचे वय अठ्ठावीस. त्याचे तोंड आता जेमतेम दीड बोट उघडते. आमच्याकडे प्रत्येक चौकात पानठेला आहे आणि तो सोळा-सतराव्या वर्षापासून खर्रा (सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटलेले मिश्रण) खातो. सुरुवातीला दिवसाला एक पन्नी होती, आता पाच-सहा होतात. गुटख्यावर राज्यात २०१२ साली बंदी आली तेव्हा आम्हांला वाटले की हे थांबेल, पण घोटलेला खर्रा मिळतच राहिला. त्याला जबड्यात फारसे दुखत नाही, मात्र तिखट भाजी तोंडात घेतली की आग होते, म्हणून तो आता दूधभातच खातो. गावातल्या एकाने त्याला दातांत लाकडी चमचा आडवा घालून रोज जोराने तोंड उघडण्याचा सल्ला दिला. त्याने तसे केले आणि ओठाचा कोपरा फाटून रक्त आले. ताईंनी सांगितलेले आरशासमोरचे व्यायाम त्याने सुरू करावेत का?

सांधे_आणि_स्नायू (वर्धा जिल्हा)

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि ग्रामीण भागातच काम करतो. धानाचा_बांध यांच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण ते सर्वांत निकडीचे आहे.

दादा, आपल्या भावाचे दुखणे सांध्याचे वाटत नाही. सुपारी वर्षानुवर्षे चघळल्याने गालाच्या आतील नाजूक अस्तराखाली तंतूंचे जाळे घट्ट होत जाते, गाल आतून पांढुरके आणि कडक होतात, बोट फिरवले तर दोरीसारखे उभे पट्टे हाताला लागतात, तिखट सोसत नाही आणि तोंड हळूहळू कमी उघडू लागते. याला सबम्यूकस फायब्रोसिस म्हणतात. वैद्यकीय लिखाणात १९५२ साली याचे वर्णन प्रथम झाले, तेही आफ्रिकेत राहणाऱ्या भारतीय वंशाच्या स्त्रियांमध्ये. यात तोंडाच्या कर्करोगाचा धोका असतो, म्हणून घरच्या व्यायामाने बरे होते का हे पाहण्यात महिने घालवू नयेत. खर्रा आजपासून बंद करणे हा उपचाराचा पहिला भाग आहे, कारण सुपारी सुरू असेपर्यंत बाकी काहीही टिकत नाही. झालेला कडकपणा पूर्ण परत जाईल असे आश्वासन मी देणार नाही, पण तो वाढणे थांबू शकते आणि तोंड काही प्रमाणात मोकळे होऊ शकते.

या आजारात तोंड उघडण्याचे व्यायाम डॉक्टर देतातच. आइसक्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक ठेवून त्यांची थप्पी मागच्या दातांत धरायला सांगतात आणि काही दिवसांनी एकेक काडी वाढवतात. परंतु हे तपासणीनंतर, मोजून आणि दुखेपर्यंत न ताणता करावयाचे असते. आपल्या भावाला नागपूरच्या शासकीय दंत महाविद्यालयात किंवा जवळच्या कोणत्याही दंत महाविद्यालयात घेऊन जावे. तोपर्यंत लाकडी चमचा बाजूला ठेवावा.

आता निंबोणी ताईंच्या व्यायामांविषयी. त्यांनी सांगितलेली सहा-सहाची पद्धत चिलीचे फिजिओथेरपिस्ट मारियानो रोकाबादो यांच्या नावाने ओळखली जाते. मूळ मांडणीत सहा व्यायाम, प्रत्येक सहा वेळा आणि दिवसातून सहा वेळा असा क्रम आहे, आणि ताईंनी त्यांतले महत्त्वाचे भाग बरोबर लिहिले आहेत. दीर्घकाळच्या जबडेदुखीवर ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने २०२३ साली तज्ज्ञांच्या शिफारशी प्रसिद्ध केल्या. त्यांत देखरेखीखालचे जबड्याचे व्यायाम, अंगस्थिती सुधारण्याचे व्यायाम आणि दुखऱ्या स्नायूंवर हाताने केलेला उपचार यांची जोरदार शिफारस आहे, आणि दातांची ठेवण कायमची बदलणाऱ्या उपचारांना विरोध आहे. कानाच्या औषधावरून ताईंनी स्वतःला दोष देऊ नये. या सांध्याचा आणि कानाच्या तक्रारींचा संबंध जेम्स कॉस्टेन या अमेरिकी कान-नाक-घसा तज्ज्ञांनी १९३४ साली मांडला. त्यांनी दिलेली कारणे नंतर मागे पडली, पण जबड्याचे रुग्ण आधी कानाच्या डॉक्टरकडे जातात हे तेव्हाही खरे होते आणि आजही आहे.

प्रौढ माणसाचे तोंड साधारण ४० ते ५५ मिलिमीटर उघडते. त्यांतले पहिले २०-२५ मिलिमीटर जागच्या जागी फिरण्याचे आणि उरलेले पुढे घसरण्याचे. दुखऱ्या सांध्याला आधी फिरणे नीट शिकवायचे आणि घसरणे नंतर, हा त्या जीभ-टाळूच्या व्यायामामागचा विचार आहे. व्यायाम करताना हलका ताण जाणवला तर चालतो. पण व्यायामानंतर तासाभराने दुखणे आधीपेक्षा वाढलेले असेल, तर उघडण्याचे माप आणि खेपा दोन्ही निम्म्यावर आणाव्यात.

काही दुखण्यांत मात्र व्यायामाचा विचारही करू नये. शेतात काटा, खिळा किंवा विळा लागल्यावर काही दिवसांनी जबडा आखडू लागला आणि दातखीळ बसू लागली तर तो धनुर्वात असू शकतो. त्या माणसाला त्याच तासाला रुग्णालयात न्यावे. चालताना किंवा कामाच्या श्रमाने जबड्यात दुखते, सोबत छातीत दडपण, घाम किंवा धाप आहे, अशा वेळी हृदय तपासावे. ताप आणि गालावर सूज असेल तर दाढेतील पू असण्याचा संभव अधिक. आणि पन्नाशीनंतर प्रथमच चावताना जबडा भरून येऊ लागला, कपाळाच्या कडेची शीर हाताला दुखरी लागली व नजर अंधुक झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण डोळा जाण्याचा धोका असतो.

बोरीचे_झाड (वाशीम जिल्हा)

माझ्या सासूबाईंचे वय बासष्ट आहे. वरीलपैकी कोणतेही धोक्याचे लक्षण नाही, हे ग्रामीण रुग्णालयातील दंतशल्यचिकित्सकांनी तपासून सांगितले आहे आणि सांध्याची झीज आहे असे निदान केले आहे. त्यांच्या दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा गेलेल्या असल्यामुळे त्या पुढच्या दातांनीच चावतात. आरशासमोर उभे राहून व्यायाम करायला त्यांना संकोच वाटतो. “या वयात तोंड काय वेडावून दाखवू?” असे त्या म्हणतात. काही मार्ग आहे का?

सांधे_आणि_स्नायू

वहिनी, आरसा अनिवार्य नाही. त्यांना एका हाताचे बोट कानापुढे आणि दुसऱ्या हाताचे बोट हनुवटीवर ठेवायला सांगा. कानापुढच्या बोटाखाली हाड फिरते आहे तोवरच उघडायचे, ते पुढे उसळू लागले की थांबायचे. बोटांना जे समजते ते आरशाहून कमी नसते. माझ्याकडच्या एक आजी तुळशीपाशी दिवा लावताना आणि सकाळी फुले तोडताना हे करत असत, कारण त्या वेळी त्यांच्याकडे कोणी पाहत नसे. मागच्या दाढांची कवळी मात्र शक्य तितक्या लवकर बसवून घ्यावी. चावण्याचा भार मागे येईपर्यंत सांध्याला पूर्ण विसावा मिळणे कठीण आहे.

निंबोणी

बोरीचे_झाड ताई, मी एक जोडते. आमच्या शेतात वेचणीला येणाऱ्या एका काकूंना मी विसाव्याची स्थिती सांगितली तेव्हा त्यांना ‘न’चा उच्चार, जीभ, टाळू हे सारे लक्षात ठेवणे अवघड गेले. मग मी त्यांना इतकेच म्हटले की, बोथ भरून बांधली की एकदा ओठ मिटून गालात हवा भरा आणि हळूच सोडा. गालात हवा भरली की दात आपोआप सुटे होतात. हे त्यांना लगेच जमले आणि दुसऱ्या दिवशी त्या इतर बायांना शिकवत होत्या. सासूबाईंना हे करून पाहायला सांगावे.

कोळसा_आणि_जंगल (चंद्रपूर जिल्हा)

एक अनुभव नोंदवतो. मागील उन्हाळ्यात जांभई देताना माझा जबडा उघडाच राहिला. मिटता येईना, बोलता येईना, लाळ गळू लागली. घरच्यांनी घाबरून हनुवटी वर ढकलली आणि त्याने दुखणे दुप्पट झाले. रुग्णालयात डॉक्टरांनी अंगठ्यांना कापड गुंडाळून खालच्या दाढांवर ठेवले, जबडा आधी खाली आणि मग मागे दाबला आणि तो जागेवर बसला. त्यानंतर कधीपासून व्यायाम करावेत, हे मला कोणी सांगितले नाही.

सांधे_आणि_स्नायू

दादा, निखळलेला सांधा घरी ढकलू नये, हे आपण अनुभवानेच लिहिले आहे. जागेवर बसल्यानंतर सुरुवातीचे काही आठवडे तोंड मोठे उघडायचे नसते, घास लहान घ्यायचे असतात आणि जांभईला मुठीचा आधार द्यायचा असतो. आपली घटना जुनी असल्यामुळे आता विसाव्याची स्थिती आणि प्रतिकाराचा हलका व्यायाम आपण सुरू करू शकता. तोंड ताणून उघडण्याचे व्यायाम आपल्यासाठी नाहीत, कारण आपला सांधा आधीच गरजेपेक्षा सैल आहे. पुन्हा असे झाल्यास शल्यचिकित्सकांचा सल्ला घ्यावा.

धानाचा_बांध

आपणा दोघांचे मनापासून आभार. मागच्या सोमवारी भावाला घेऊन नागपूरला गेलो. डॉक्टरांनी गालात बोट फिरवून ते पट्टे मलाही हाताने दाखवले. तोंड २१ मिलिमीटर उघडते, अशी नोंद केली आहे. गालातील एका पांढऱ्या डागाचा तुकडा तपासणीसाठी घेतला आहे आणि त्याचा अहवाल येत्या आठवड्यात मिळेल. काड्यांचा व्यायाम त्यांनी नऊ काड्यांपासून सुरू करायला सांगितला आहे. खर्रा सोडून आज त्याला सहा दिवस झाले. संध्याकाळी पानठेल्याची वेळ झाली की तो अस्वस्थ होतो, म्हणून त्या वेळी मी त्याला बांधीवर सोबत नेतो आणि तिथेच आम्ही काड्या मोजतो. अहवाल आला की येथे कळवतो.